थंड पाण्यातली बुडी

फाल्गुन संपत आला, परीक्षा जवळ आल्या की पुण्यात उकाडा सुरू होतो. तरीही सकाळची हवा साधारण २५ अंश सेल्सिअस असते आणि तुम्ही नुसत्या सदऱ्यावर खुशाल अभ्यासाला बसता. थंडी वाजत नाही. आता त्याच २५ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरून पहा. पहिल्या क्षणी अंगावर काटा येतो आणि तासाभरात दात वाजू लागतात. तापमापक तर दोन्हीकडे तोच आकडा दाखवतो. मग हा फरक कशामुळे?

पुण्याच्या पेठांतील लोकांना हे कोडे फार जुने आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालून बांधलेल्या नळाने शहरात आणले गेले. बुधवार पेठेसारख्या गजबजलेल्या भागातील हौदांत ते येई. शिवाय वाड्यावाड्यांतून विहिरी आणि आड होतेच. चैत्र-वैशाखात आडाचे पाणी अंगावर घेतले की ते ‘बर्फासारखे’ लागे. खरे म्हणजे ते बर्फासारखे मुळीच नसते. जमिनीखाली काही मीटर गेले की उन्हाळा-हिवाळ्याचा फरक तेथे फारसा पोचत नाही. तेथील तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ राहते. पुण्यात ही सरासरी २५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे ज्याला आपण बर्फ म्हणतो ते पाणी सुखद सकाळच्या हवेइतकेच ‘थंड’ असते!

जगात असेही हौशी लोक आहेत, जे मार्च महिन्यात अवघ्या पाच-सहा अंशांच्या पाण्यात, वीस-पंचवीस मीटर खोल उतरून अर्धा तास फिरून येतात. ते कसे तग धरतात? आणि विहिरीत किंवा धरणावर पोहायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांच्याकडून काय शिकावे? हे या लेखात पाहू.

पाणी उष्णता कशी पळवते?

आपले शरीर ही एक छोटी भट्टीच आहे. आपण नुसते बसून असलो तरी शरीरात जुन्या काळच्या १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण होत असते. ही उष्णता त्वचेतून बाहेर जाते आणि शरीराच्या आतील तापमान ३७ अंशांवर टिकते. बाहेर जाणारी उष्णता निर्माण होणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाली की आपल्याला थंडी वाजते.

हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षा सुमारे २४ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापेल. म्हणून अंगाभोवतीची हवा चटकन ऊबदार होते आणि आपल्याला पांघरुणासारखी वेढून राहते. पाणी मात्र कितीही उष्णता घेतले तरी तापल्याचे जाणवत नाही. त्यातून आपण हातपाय हलवले की तापलेला पातळ थर निघून जातो आणि त्याची जागा गार पाणी घेते. उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाला २८ अंशांची हवा सुखाची वाटते, पण पाण्यात तितकेच सुख हवे असेल तर ते ३३ ते ३५ अंशांचे लागते.

हे घरी करून पाहता येईल. सारख्या आकाराचे स्टीलचे दोन पेले घ्या. दोन्हींत सारखेच कोमट पाणी भरा. एक पेला नुसता टेबलावर ठेवा. दुसरा पातेल्यातील साध्या पाण्यात अर्ध्याच्या वर बुडेल असा ठेवा. दर दोन मिनिटांनी शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापकाने दोन्हींचे तापमान घ्या आणि आलेख काढा. (ताप पाहण्याचा तापमापक येथे चालणार नाही. का, ते तुम्हीच सांगा.) कोणता आलेख झरझर खाली उतरतो ते पहा. बुडी मारणाऱ्याचे शरीर म्हणजे हा दुसरा पेला होय.

पाठीवर हवा घेऊन

विहिरीत बुडी मारून तळाची घागर काढणारा पट्टीचा पोहणारा एका श्वासावर खाली जातो. त्याला वेळ मिळतो एखाददुसरे मिनिट. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ही अडचण दूर केली. त्यांनी दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरला अशी झडप बसवली, की श्वास ओढताच हवी तेवढीच हवा मिळावी आणि तीही सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने. आज ज्याला स्कूबा म्हणतात ते हेच साधन.

दाबाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर एक वातावरण दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक वातावरण दाब वाढतो. वीस मीटरवर एकूण दाब तीन वातावरणे होतो आणि तेथे प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागते. समजा, सिलिंडर १२ लिटरचे आहे आणि त्यात २०० वातावरणे दाबाने हवा भरली आहे. म्हणजे बाहेर सोडली तर ती २,४०० लिटर भरेल. शांतपणे पोहणारा मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरू. पाण्याच्या पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल, पण वीस मीटरवर फक्त ४० मिनिटे. आणि थंडीने श्वास दुप्पट वेगाने चालू लागला तर? हिशेब तुम्हीच करा.

आपल्या महाराष्ट्रात या बुडीचे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जवळच तारकर्लीला स्कूबाचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथील पाणी २७-२८ अंशांचे असते. तरीही तासभर पाण्यात राहायचे तर पातळ रबरी पोशाख लागतो. मग पाच अंशांच्या पाण्याची गोष्टच वेगळी.

चार अंशांचे तळे

असे पाणी कोठे मिळते? इंग्लंडमध्ये लेस्टरशायर परगण्यात स्टोनी कोव्ह नावाची एक जुनी दगडाची खाण आहे. खाणकाम थांबल्यावर ती पाण्याने भरली. आज वर्षाचे बारा महिने गावोगावच्या मंडळांचे सभासद तेथे बुडी मारायला येतात. हिवाळा संपता संपता, म्हणजे मार्चमध्ये, तेथील पाणी वरपासून तळापर्यंत जवळजवळ सारखेच थंड असते, सुमारे चार ते सहा अंश. वर थंड आणि खाली गोठलेले, असे का नसते?

याचे कारण पाण्याच्या एका विचित्र गुणात आहे. बहुतेक पदार्थ थंड होतील तसे आकसतात आणि जड होतात. पाणी मात्र चार अंशांपर्यंतच आकसते. त्याहून थंड झाले की ते पुन्हा फुगू लागते आणि हलके होते. हिवाळ्यात तळ्याचा वरचा थर गार होतो, जड होतो आणि खाली जातो. खालचे पाणी वर येते, तेही गार होऊन खाली जाते. असे होत होत सगळे तळे चार अंशांजवळ येते. त्यापुढे वरचे पाणी आणखी गार झाले तरी ते हलके असल्यामुळे वरच राहते आणि गोठले तर तेथेच गोठते. तळाशी मासे सुखरूप राहतात ते यामुळेच.

आपल्याकडे पाणी चार अंशांपर्यंत कधीच उतरत नाही, पण थर मात्र पडतात. उन्हाने खोल विहिरीचे किंवा धरणाचे वरचे पाणी तापते, हलके होते आणि वरच तरंगत राहते. खालचे पाणी गारच राहते. विहिरीत सूर मारल्यावर वरचा थर कोमट आणि पायाखाली एकदम थंडगार, असा अनुभव पोहणाऱ्यांना येतो तो याच थरांचा.

पहिले मिनिट श्वासाचे

थंड पाण्यात माणूस गारठून मरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली उतरायला बर्फासारख्या पाण्यातही पुष्कळ वेळ लागतो, बहुधा अर्ध्या तासाच्या आसपास. मग चांगले पोहणारेही पाच-दहा मिनिटांतच का बुडतात?

उत्तर असे, की थंडी प्रथम गाठते ती श्वासाला. त्वचेवर थंडी ओळखणारे असंख्य मज्जातंतू असतात. सगळी त्वचा एकदम गार पडली की ते सर्व मिळून मेंदूला एकच हाक देतात. माणूस नकळत मोठा आवंढा गिळल्यासारखा श्वास आत ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जाते. त्यानंतर श्वास धापांसारखा चालतो, हृदय धडधडते. एरवी मिनिटभर श्वास रोखणाऱ्याला अशा पाण्यात दहा सेकंदही जड जातात. हा धक्का २५ अंशांखालच्या पाण्यात जाणवू लागतो आणि १५ अंशांखाली तीव्र होतो. सुदैवाने तो दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ तोंड पाण्याबाहेर ठेवून, काहीतरी धरून स्वस्थ तरंगत राहणे हाच उपाय.

त्यानंतर पाळी येते हातापायांची. आतील अवयव ऊबदार ठेवण्यासाठी शरीर त्वचेकडील आणि हातापायांकडील रक्तपुरवठा आवरते. दहा-पंधरा मिनिटांत बोटे बधिर होतात. सदऱ्याचे बटणसुद्धा लावता येत नाही, मग दोर धरणे, पट्टा सोडणे दूरच. पोहण्याचे हातही वळेनासे होतात. खरा गारठा येतो तो तिसऱ्या क्रमांकावर. आधी श्वास, मग हात, मग शरीर. हा क्रम लक्षात ठेवा. बुडी मारणाऱ्यांचे सगळे नियम त्यातूनच निघाले आहेत.

ही माहिती शास्त्रज्ञांनी स्वतःच्या अंगावर प्रयोग करून मिळवली आहे. १९३९ साली ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली आणि तिच्यातील ९९ माणसे मृत्युमुखी पडली. असे पुन्हा घडू नये म्हणून जे. बी. एस. हॅल्डेन आणि त्यांचे सहकारी पोलादी कोठ्यांत स्वतःला कोंडून घेऊन वाढता दाब, दूषित हवा आणि बर्फाचे पाणी यांचे परिणाम अनुभवू लागले. हेच हॅल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.

पाण्यातला स्वेटर

स्वेटर ऊब देतो तो लोकरीत अडकलेल्या हवेमुळे. तीच युक्ती बुडीच्या पोशाखात वापरलेली आहे. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०-५२ च्या सुमारास निओप्रीन या कृत्रिम रबराचा पोशाख सुचवला. या रबरात वायूचे लक्षावधी सूक्ष्म बुडबुडे असतात. अंग आणि रबर यांच्यामध्ये थोडे पाणी शिरते, ते शरीराच्या उष्णतेने कोमट होते आणि तेथेच अडकून राहते. पण उष्णता अडवण्याचे खरे काम बुडबुडे करतात.

येथे दाब आडवा येतो. खोल जावे तसे हे बुडबुडे दबतात, रबर पातळ होते आणि जेथे थंडी अधिक तेथेच ऊब कमी पडते. म्हणून दहा अंशांखालच्या पाण्यात बहुतेक जण कोरडा पोशाख घालतात. त्याच्या गळ्याशी आणि मनगटाशी घट्ट पट्ट्या असतात, पाणी आत शिरतच नाही. आत लोकरीसारखे जाड कपडे घालायचे आणि खाली जाताना सिलिंडरमधील थोडी थोडी हवा पोशाखात सोडायची. वर येताना ती हवा प्रसरण पावते, म्हणून वेळीच बाहेर काढावी लागते. नाही तर फुग्यासारखा माणूस वेगाने वर फेकला जातो.

थंडी साधनांनाही सोडत नाही. फुगवलेल्या सायकलच्या ट्यूबमधील हवा सोडताना त्या झोतात बोट धरा. झोत गार लागेल. दाबलेली हवा प्रसरण पावताना थंड होते. सिलिंडरमधील २०० वातावरणे दाबाची हवा झडपेतून एकदम दहाएक वातावरणांवर येते, तेव्हा ती अतिशय थंड होते. भोवतीचे पाणी पाच अंशांचे असेल तर झडपेत बर्फाचे कण धरतात, झडप उघडीच अडकते आणि हवा भसाभस वाहून जाते. म्हणून थंड पाण्यासाठी खास झडपा असतात आणि जाणकार लोक दोन स्वतंत्र झडपा जवळ ठेवतात.

वर येण्याची घाई नको

सोडावॉटरची बाटली उघडताच बुडबुडे का येतात? दाबाखाली विरघळलेला वायू दाब कमी होताच बाहेर पडतो. खोल पाण्यात श्वासातील नत्रवायू असाच रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. माणूस झपाट्याने वर आला तर शरीरात बुडबुडे होतात, सांधे दुखतात, कधी अर्धांगवायूही होतो. म्हणून मिनिटाला सुमारे नऊ मीटर, याहून वेगाने वर यायचे नाही आणि शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, असा नियम आहे. थंडीत तो आणखी काटेकोर पाळावा लागतो. उतरताना अंग ऊबदार असते, रक्त सगळीकडे खेळते आणि नत्रवायू भरपूर विरघळतो. परतताना हातपाय गारठलेले असतात, रक्त कमी फिरते आणि तो वायू लवकर बाहेर पडत नाही.

दुसरा नियम याहून सोपा: सिलिंडरची हवा घेत असताना श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. श्वास कोंडून वर आले तर फुप्फुसांना इजा होते.

मंडळाची शिस्त

इंग्लंडमध्ये १९५३ साली ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब स्थापन झाला. गावोगावी त्याच्या शाखा आहेत. नव्या सभासदाचे पहिले धडे पोहण्याच्या ऊबदार तलावात होतात, खाणीतील बुडी नंतर. वसंताच्या तोंडाशी जी बुडी असते तिचा कार्यक्रम साधा असतो. प्रत्येकाला एक जोडीदार. पाण्यात उतरण्यापूर्वी जोडीदाराने दुसऱ्याच्या झडपा, पट्टे, हवेचा दाब तपासायचा. सूर मारायचा नाही, हळूहळू उतरायचे. तोंडावर पाणी घेऊन श्वास संथ होईपर्यंत थांबायचे आणि मगच खाली जायचे.

पाण्याखाली बोलणे खुणांनी. अंगठा वर केला तर ‘छान’ असा अर्थ होत नाही, ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करतात. जोडीदाराला कडे करता येईनासे झाले, तर त्याची बोटे गारठली हे न सांगता कळते. दोघांपैकी एकाने अंगठा वर केला की दोघांनी वर यायचे. कारण विचारायचे ते काठावर आल्यावर. हवा संपत आल्यावर नव्हे, तर भरपूर शिल्लक असतानाच परतायचे. वर आल्यावर ओले कपडे बदलायचे, टोपी घालायची, गरम पेय घ्यायचे.

आपल्या विहिरीसाठी

आता परत आपल्याकडे येऊ. दर उन्हाळ्याच्या सुटीत विहिरींत, दगडखाणींत, धरणांत मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांतील कित्येकांना पोहता येत असते. आपले पाणी पाच अंशांचे नसते हे खरे, पण नियम तेच लागू पडतात.

उन्हात तापून आलात तर एकदम मुटका मारू नका. आधी हातपाय, छाती आणि तोंड भिजवा, श्वास संथ होऊ द्या. हिमालयात सहलीला गेलात तर तेथील नद्या बर्फ वितळून आलेल्या असतात हे विसरू नका. पाण्यात अचानक पडलात तर लगेच हातपाय मारत सुटू नका, तोंड वर ठेवून दोन मिनिटे तरंगा. अंग कापू लागले, बोटे नीट वळेनात, की पोहणे थांबवून बाहेर या.

आणखी एक सवय फार घातक आहे. पाण्याखाली जास्त वेळ राहण्याची पैज लावून काही मुले आधी भराभर मोठे श्वास घेतात. त्यामुळे प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डाय-ऑक्साइड मात्र कमी होतो. ‘श्वास घे’ अशी सूचना मेंदूला याच वायूमुळे मिळते. सूचना मिळतच नाही आणि प्राणवायू संपून मुलगा पाण्याखालीच, कसलीही धडपड न करता, बेशुद्ध होतो. काठावरच्यांना वाटते, गडी पैज जिंकतो आहे. म्हणून अशी पैज कधीही लावू नका.

पोहायला येत असो वा नसो, एकट्याने पाण्यात उतरू नका. तुम्ही पाण्यात असाल तेव्हा पोहता येणारे एक मोठे माणूस काठावर, तुमच्याकडे पाहत असलेले हवे. हाताशी एक लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब असावी. दुसरा बुडताना दिसला तर आधी दोर फेका, आरडाओरडा करा. स्वतः उडी मारली तर त्याच पाण्यात तुमचाही श्वास अडकेल.